वाइनसाठी तळघर खणू नका, भिंतीला इन्सुलेशन करा

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना सहा वर्षांपूर्वी नाशिकच्या सहलीत वाइनची गोडी लागली. तेव्हा चार बाटल्या आणल्या होत्या, आता ऐंशी झाल्या आहेत. निम्म्या नाशिक-अकलूजकडच्या, निम्म्या त्यांचा मुलगा जर्मनीहून येताना दर खेपेला दोन-दोन करून आणतो त्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. बऱ्याच बाटल्या माळ्यावर खोक्यांत, थोड्या स्वयंपाकघरातल्या लाकडी रॅकवर. मे महिन्यात दोन बाटल्यांची बुचं वर आलेली दिसली आणि एकीच्या मानेवर चिकट ओघळ सुकलेला होता. मंगळवार पेठेत सासरचा जुना वाडा आहे, माजघरात धान्य साठवायचं जमिनीतलं जुनं पेव आहे. ते मोकळं करून, आणखी खणून तळघर करावं, की मोठा फ्रिज घ्यावा, असा त्यांचा प्रश्न.

ताई, माळ्यावरची खोकी आधी खाली घ्या. आजच. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलं तरी चालेल. वरच्या मजल्याचा स्लॅब उन्हाळ्यात दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. माळा त्या स्लॅबच्या पोटालाच चिकटलेला असतो. बाहेर ३७ अंश असताना असल्या माळ्यावर मी ४१ मोजलं आहे. तात्पुरती सोय म्हणून कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा घ्या, पण आतल्या भिंतीला लागून असलेला, पश्चिमेच्या भिंतीचा नको. बाटल्या आडव्या ठेवा आणि वरून जुनी वाकळ टाका. स्वयंपाकघरातला रॅकही रिकामा करा.

मी मुळात गारव्याच्या धंद्यातला माणूस. बावीस वर्षं शीतगृहांचं काम केलं: तासगावचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, दूध संकलन केंद्रांवरचे कूलर. वाइनकडे उशिरा आलो, पण आता तिच्यावर जीव आहे. चांगली बाटली नुसत्या उष्णतेनं वाया गेलेली पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते टाळणं आपल्या हातात असतं.

तुमची बुचं वर का आली ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ७५० मिलीची बाटली १५ अंशांवरून ४० अंशांवर गेली, तर आतली वाइन फुगून साधारण सहा मिली जास्त जागा मागते. बाटलीच्या मानेचं आतलं भोक साडेअठरा मिलीमीटरच्या आसपास असतं. एवढ्याशा नळीत सहा मिली म्हणजे दोन सेंटीमीटरहून जास्त उंची झाली. बूच आणि वाइन यांच्यात मोकळी जागा असते जेमतेम दीड सेंटीमीटर. मग ती वाइन जाणार कुठे? ती बुचाला वर ढकलते, नाहीतर त्याच्या कडेनं पाझरते. रात्री गारवा आला की वाइन आकसते आणि त्याच कडेनं थोडी हवा आत ओढली जाते. दिवसा बाहेर, रात्री आत, असा महिनाभर खेळ चालला की बाटली बंद दिसते, पण आतल्या वाइनला हवा लागलेली असते.

हे डोळ्यांना दिसणारं नुकसान झालं. न दिसणारं जास्त. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. सगळ्या क्रिया सारख्या वेगानं वाढल्या असत्या तर वाइन फक्त लवकर म्हातारी झाली असती. तसं होत नाही. नको त्या क्रिया जास्त पळतात. ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मुरांब्याचा येतो, पांढरी वाइन तांबूस होते. तुमच्या मुलानं आणलेल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये तर उष्णतेनं रॉकेलसारखा वास लवकर चढतो. तो वास जुन्या रीसलिंगला थोडा असतोच आणि शोभतोही, पण दहा वर्षांनी यायचा तो दोन वर्षांत आला तर त्याला मुरणं म्हणत नाहीत.

त्या दोन बाटल्या याच आठवड्यात उघडा. त्या आरोग्याला घातक नाहीत, फक्त थांबण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. आणि वाईट चव लागली म्हणून बाकीच्या अठ्ठ्याहत्तरांवर लगेच काट मारू नका. एकाच खोक्यातल्या बाटल्यांतही वरची आणि खालची यांत फरक पडतो.

आता पेवाबद्दल. तळघर म्हटलं की फ्रान्समधले दगडी कमानीचे बोगदे डोळ्यांपुढे येतात आणि वाटतं, आपल्याकडेही जमिनीखाली गेलं की तसाच गारवा मिळेल. इथेच बहुतेकांचा पैसा पाण्यात जातो. जमीन स्वतः गार नसते. काही फूट खाली गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन थांबतं, एवढंच. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहराखाली खडूच्या दगडात रोमन काळापासूनच्या खाणी आहेत, तिथे बारा महिने १० ते १२ अंश असतात, कारण त्या प्रदेशाची वर्षाची सरासरीच तेवढी आहे. कोल्हापूरची सरासरी पंचविशीच्या आसपास आहे. तुम्ही दहा फूट खणलंत तरी पंचवीस, वीस फूट खणलंत तरी पंचवीस.

पटत नसेल तर विहिरीचं पाणी आठवा. जानेवारीत पहाटे विहिरीत उडी मारली की पाणी कोमट लागतं, मे महिन्यात तेच गार लागतं. पाणी बदललेलं नसतं, बाहेरची हवा बदललेली असते. बोअरचं पाणी पाच मिनिटं चालू ठेवून बादलीत थर्मामीटर बुडवा. जो आकडा येईल तेच तुमच्या भावी तळघराचं तापमान. मी आपल्या भागात अशा बऱ्याच बोअर मोजल्या, २५-२६ च्या खाली एकही आली नाही.

स्थिर पंचवीस अंश हे चाळीसच्या माळ्यापेक्षा लाखपट बरे, यात वाद नाही. वर्षभरात संपणाऱ्या बाटल्या तिथे राहतील. पण वाइनला वर्षानुवर्षं मुरवायचं तर १२ ते १४ अंश हवेत, आणि ते आपल्याला जमीन देणार नाही, यंत्रच देईल. मग यंत्र लावायचंच आहे, तर खोदाईवर लाखो कशाला घालायचे? तेच पैसे भिंतीच्या इन्सुलेशनवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरावर घाला. कोल्हापुरात वाइन साठवण्याबद्दल मला सांगायचं ते मुख्यतः एवढंच आहे.

पेवाविरुद्ध आणखी एक कारण आहे, पाणी. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही ऐकली असतील. जमिनीत खोल खड्डे, वरून तोंड बंद, आत वर्षानुवर्षं हळद. आपल्या लोकांनी यंत्राशिवाय साधलेली ती फार मोठी गोष्ट होती. तीही पुराचं पाणी शिरून बरीचशी निकामी झाली. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत.

२०१९ चा पूर ओसरल्यावर नदीच्या बाजूच्या एका बंगल्यात मी गेलो होतो. तळघरात दोनशेच्या वर बाटल्या होत्या, कपाट चांगल्या प्रतीचं होतं. चिखल काढून टाकला तर बाटल्या शाबूत, पण एकीवरही लेबल नव्हतं. सगळी लेबलं सुटून एका कोपऱ्यात लगद्याचा गोळा झाली होती. मालक एकेक बाटली उजेडात धरून गाळ किती, रंग कसा, यावरून ओळखायचा प्रयत्न करत होते. स्क्रू कॅपच्या बाटल्यांच्या आट्यांत चिखल बसला होता. मैलापाण्यात चार दिवस बुडालेली बाटली पिऊ नये, असं मी त्यांना सांगितलं. ते ऐकून ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मंगळवार पेठेत एवढं पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण जुन्या वाड्याच्या जमिनीत पावसाळ्यात झरे फुटतात, ते तुम्हालाही माहीत असेल.

यंत्राकडे वळण्याआधी एक रविवार काढून ऐंशी बाटल्या जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा. नाशिकच्या शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉं ब्लां, रोझे, साध्या लाल, हा पहिला ढीग. या ताज्या प्यायच्या वाइन आहेत, ठेवून काही मिळत नाही, वर्ष-दीड वर्षात संपवा. इथे एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, युरोपात सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे लेबलवर वर्ष एकच असलं तरी नाशिकची वाइन युरोपातल्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी वडील असते. दुसरा ढीग रिझर्व्ह दर्जाच्या शिराझ आणि कॅबर्नेचा, ओकच्या पिंपात राहिलेल्या. या चार-पाच वर्षं चांगल्या टिकतात. तिसरा ढीग खऱ्या मुरवणाऱ्यांचा: जर्मनीतल्या मोझेलची रीसलिंग, इटलीची एखादी बारोलो किंवा फ्रान्सची बोर्दो, आपल्याकडच्या म्हणाल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते. ज्यांना दहा वर्षं सांभाळायचं आहे त्या एवढ्याच.

माझा अंदाज, तुमच्या तिसऱ्या ढिगात पंचवीस-तीसपेक्षा जास्त बाटल्या निघणार नाहीत. आणि बहुतेकांना हा आकडा पाहूनच सुटल्यासारखं वाटतं. दोनशे बाटल्यांची खोली बांधायला निघालेला माणूस पन्नास बाटल्यांच्या कपाटावर येतो.

मात्र तुमचा संग्रह वाढतो आहे, म्हणून पुढचा हिशेबही आताच करा. महिन्याला सहा घेता आणि चार पिता, तर वर्षाला चोवीस वाढतात. आणखी पाच वर्षांत तुम्ही दोनशेवर जाल. माझा नियम असा: आज मुरवायच्या जेवढ्या बाटल्या आहेत त्याच्या दुप्पट जागा घ्या, त्याहून जास्त नको. कपाट अर्धं रिकामं दिसलं की आपण ते भरायलाच खरेदी करतो, हे मी प्रत्येक घरात पाहिलं आहे.

फ्लॅटसाठी वाइनचं कपाट घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारा: आत कॉम्प्रेसर आहे का? स्वस्त आणि आवाज न करणारी कपाटं बऱ्याचदा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेनं गार होणारी असतात. ती बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. डिसेंबरात झकास चालतात. मे महिन्यात खोलीत ३५ असताना आत बावीस-तेवीसच्या खाली उतरत नाहीत, आणि चोवीस तास धडपडून पंखा जळतो तो वेगळाच. कोल्हापुरात कॉम्प्रेसरच हवा.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. कपाटाच्या मागे किंवा आत एक पट्टी असते, त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. नुसतं ‘एन’ असेल तर ते यंत्र बाहेर ३२ अंशांपर्यंतच नीट चालेल असं धरून बनवलेलं आहे. ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याला ‘टी’ घ्यायचं, निदान ‘एसटी’ तरी. युरोपच्या थंड घरासाठी बनवलेलं देखणं कपाट इथे पहिल्या उन्हाळ्यात थकतं, आणि मग लोक कंपनीला नावं ठेवतात.

तिसरी गोष्ट बाटलीच्या मापाची. ‘पन्नास बाटल्या’ असं लिहिलेलं असतं ते सरळ खांद्याच्या बोर्दो बाटल्यांच्या हिशेबानं. बरगंडीच्या पोटाळ आणि फसफसणाऱ्या वाइनच्या जाड बाटल्या असतील तर चाळीससुद्धा बसत नाहीत. तुमच्या बाबतीत तर अडचण लांबीची येणार. जर्मन रीसलिंगची बाटली सडपातळ आणि उंच, ३३ ते ३५ सेंटीमीटर, आणि बरेच ट्रे तीस सेंटीमीटरच्या बाटलीसाठी आखलेले असतात. दुकानात जाताना पिशवीत एक रीसलिंग घेऊन जा. ट्रेवर ठेवून दार पूर्ण लागतंय का ते स्वतः बघा. मी एका गिऱ्हाइकाला हे सांगायला विसरलो होतो, त्यांच्या अठरा बाटल्या आजही तिरक्या पडून आहेत आणि मला ते प्रत्येक वेळी डाचतं.

कपाट भिंतीला चिकटवू नका. मागून गरम हवा जायला दहा सेंटीमीटर जागा सोडा. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नको, गॅसच्या शेगडीच्या भिंतीपलीकडे नको. स्टॅबिलायझर लावा. वीज दिवसाला एक युनिटच्या आसपास लागते, त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

वीज गेली तर काय, हे सगळेच विचारतात. कपाट भरलेलं असेल तर तुमच्या बाटल्याच तुमची बॅटरी आहेत. शंभर बाटल्यांत पाऊणशे लिटर वाइन असते, एवढं पाणी तापायला वेळ लागतो. दार न उघडता चार तास वीज गेली तर आतली वाइन दोन-अडीच अंशांनी चढते, बस्स. अर्ध्या रिकाम्या कपाटात मात्र हा आधार नसतो. रिकाम्या जागी पाणी भरलेल्या बाटल्या ठेवा. इन्व्हर्टरवर कपाट घ्यायची गरज मला वाटत नाही.

आणि घरचा फ्रिज? तो चार-पाच अंशांवर असतो, हवा कोरडी. महिनाभर ठेवली तर काही बिघडत नाही. वर्षभर ठेवली तर बूच सुकून आकसतं. फ्रिजमधल्या पांढऱ्या वाइनच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातलंच आम्लाचं मीठ आहे, गारव्यानं खाली बसतं. मात्र उघडलेली बाटली, लाल असली तरी, फ्रिजमध्येच ठेवा. तीन-चार दिवस जाते.

तुमचा संग्रह खरोखर दोनशेच्या पुढे जाणार असेल, तर वाड्याचा उपयोग आहे, पण पेवाचा नाही. माजघराच्या आतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली एखादी अंधारी खोली असेलच. तिच्या आत छोटी खोली बांधायची. दोन मीटर बाय दीड मीटर, आठ फूट उंच, पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फळ्यांची. एवढ्यात तीनशे-साडेतीनशे बाटल्या आरामात बसतात.

पॅनेल कशाला, वाड्याच्या भिंती चांगल्या हातभर जाड आहेत की, असं तुमच्या घरचे म्हणतील. मला हे प्रत्येक वाड्यात ऐकावं लागतं. जाड दगडी भिंत उष्णता उशिरा आत आणते, थांबवत नाही. दुपारचं ऊन रात्री आत पोचवते. आकडेच बघा. बाहेर ३८ आणि आत १४ धरले, तर ८० मिलीमीटर पफच्या या छोट्या खोलीत साधारण १६० वॅट उष्णता आत शिरते, म्हणजे दीड-दोन जुन्या पिवळ्या बल्बांएवढी. त्याच मापाची खोली नऊ इंची विटांची असेल तर हजार-अकराशे वॅट. सहा-सात पट. पहिल्या खोलीला अर्ध्या एचपीचं छोटं युनिट पुरतं आणि तेही निवांत चालतं. दुसऱ्या खोलीचं यंत्र कधी बंदच होत नाही.

पॅनेलच्या सांध्यांकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढी वाफ असते, की ती गारव्याकडे धावते. सांध्यात फट राहिली तर ती इन्सुलेशनच्या पोटात जाऊन पाणी होते. म्हणून बाष्परोधक पडदा बाहेरच्या, म्हणजे उबदार बाजूला हवा. थर्मोकोल चिकटवून वर प्लायवूड मारण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल, स्वस्त पडतं म्हणून. तीन पावसाळ्यांत तो थर्मोकोल ओल्या पावासारखा होतो. मी असा एक काढला होता, हातानं दाबला तर पाणी गळलं. प्लायवूडच्या मागे वाळवी लागली होती ती वेगळी.

स्प्लिट एसी लावून काम भागवू नका. तो १६ च्या खाली जायला बनवलेला नाही, फसवून नेला तर त्याच्यावर बर्फ धरतो, आणि हवा कोरडी करून टाकतो. युनिट शीतगृहाचंच घ्या, आणि बसवणाऱ्याला एकच वाक्य सांगा: कॉइल मोठी द्या, फरक सहा अंशांचा ठेवा. तो समजेल. कॉइल म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, आणि फरक म्हणजे खोली आणि कॉइल यांच्या तापमानातला. खोली १४ अंशांवर असताना कॉइल ८ वर असेल, तर हवेतली आर्द्रता आपोआप ६५-६७ टक्क्यांच्या आसपास राहते, वाइनला हवी तेवढीच. तोच माणूस पैसे वाचवायला लहान कॉइल देईल आणि ती २ अंशांवर चालवेल, तर आर्द्रता ४५ च्याही खाली जाईल आणि मग तुम्ही आत पाण्याची परात ठेवत बसाल. बेदाण्याच्या आणि वाइनच्या खोलीत सगळ्यात मोठा फरक हा आहे.

वजनाचा विचारही करा. भरलेली बाटली सव्वा किलोच्या वर, तीनशे बाटल्या म्हणजे रॅक धरून सव्वाचारशे-साडेचारशे किलो. घरगुती स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबानं आखलेले असतात. वाड्यात तळमजल्यावर प्रश्न नाही. फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात एवढं वजन रचू नका.

रॅक लोखंडी, पावडर कोटिंगचे घ्या. बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅपच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या बऱ्याच वाइन स्क्रू कॅपच्याच असतात, तेव्हा आडव्या जागेची चैन त्यांना देऊ नका. फसफसणारीही उभी चालते. व्हिस्की मात्र कायम उभीच, तीव्र मद्यानं बूच कुजतं.

उजेडाबद्दल थोडक्यात: काचेच्या दाराचं कपाट खिडकीसमोर नको. पारदर्शक बाटलीतली रोझे ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा बिघडते, शिजवलेल्या कोबीसारखा वास येतो. आत पिवळसर एलईडी, तोही काम झालं की बंद. हादरे टाळा, वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. वासाचं म्हणाल तर डंखात, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत कुटून आणलेल्या वर्षाच्या चटणीच्या बरण्यांजवळ कपाट ठेवू नका. कांदा-लसणाचा वास खोक्याच्या पुठ्ठ्यात आणि लेबलात मुरतो आणि ग्लास नाकाशी नेताना हाताला तोच येतो. किडीसाठी डांबरगोळ्याही नकोत, त्याच कारणानं.

पावसाळ्यात लेबलांवर काळी बुरशी धरते आणि कसर कागद खाते. वाइनला त्याचं काही नसतं, पण मुलानं आणलेल्या बाटलीचं लेबल गेलेलं बघवत नाही. आडव्या ठेवण्याआधी लेबलावर स्वयंपाकघरातल्या पातळ चिकट फिल्मचा एक वेढा द्या. पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, ती जूनच्या आधी बाहेर काढा.

वही ठेवा, जाड पुठ्ठ्याची. नाव, साल, कुठून आणली, किती दिले, कधी उघडायची, कुठल्या कप्प्यात. आणि बाटलीच्या मानेत दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा अडकवा, त्यावर पेन्सिलीनं आकडा. पेन्सिल पाण्यानं जात नाही, पेन जातं. पूरग्रस्त बंगल्यातून आल्यावर मी माझ्या घरी पहिलं काम हेच केलं होतं. प्रत्येक बाटलीचं बिलही वहीतच डकवा. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो आणि किती ठेवायचं यालाही मर्यादा असते. संग्रह वाढवण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या परवान्यावर किती बसतं ते विचारून घ्या. गोव्याहून येताना आंबोलीमार्गे चार बाटल्या डिकीत टाकून आणण्याचा मोह कोल्हापूरकरांना होतोच. वाहतुकीच्या परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. मुलाला विमानतळावर दोन लिटरपर्यंत सवलत आहे, ती वापरा.

खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. नाशिकहून मे महिन्यात आठ-नऊ तास डिकीत आलेली बाटली तुमच्या कपाटात पोचायच्या आधीच अर्धी शिजलेली असते. आणायचीच झाली तर रात्री प्रवास करा, थर्मोकोलच्या खोक्यात, मागच्या सीटखाली. घरी आल्यावर लांबून आलेली जुनी लाल वाइन दोन आठवडे न हलवता पडू द्या.

आता तुमच्यासाठी क्रम. या वर्षी फ्लॅटमध्ये साठ बाटल्यांचं, कॉम्प्रेसरचं, ‘टी’ वर्गाचं कपाट घ्या. तिसरा ढीग आणि दुसऱ्यातल्या निवडक बाटल्या त्यात ठेवा. पहिला ढीग वाड्यातल्या मधल्या खोलीत, खालच्या कप्प्यात. आणि वाड्याच्या खोलीबद्दल निर्णय वर्षभरानं घ्या.

त्यासाठी तोवर एक काम करा. कमाल-किमान नोंदवणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, आर्द्रता दाखवणारे. आधी त्यांची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंबभर पाणी घालून ओलसर करा, मीटरसकट घट्ट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक येईल तेवढा वहीत लिहून ठेवा. मग एक मीटर वाड्यातल्या त्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा, शेजारी पाण्यानं भरून बूच लावलेली एक रिकामी वाइनची बाटली. दुसरा फ्लॅटमध्ये. हवेचं तापमान मिनिटाला बदलतं, बाटलीतल्या पाण्याचं बदलत नाही, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा बूच काढून त्या पाण्यातही थर्मामीटर बुडवून बघा. एप्रिल, मे आणि जुलै या तीन महिन्यांचे आकडे मला कळवा. युनिट किती क्षमतेचं लागेल आणि पॅनेल साठचं पुरेल की ऐंशीचं, ते त्या आकड्यांवरून सांगतो.